अपंगांचा बलव्यायाम आणि हृदयाची साक्ष

आपल्या एकत्र कुटुंबांत एखादें मूल पायानें अधू असलें, किंवा एखादा कर्ता मुलगा अपघातानें अंथरुणाला खिळला, म्हणजे पहिली गोष्ट घडते ती ही, कीं त्याच्या हातून कष्टाचें प्रत्येक काम काढून घेतलें जातें. आजी पाण्याचा तांब्या जागेवर नेऊन देते, भावजय जेवलेलें ताट उचलते, धाकटे भाऊ त्याला उचलून ओसरीवर आणून बसवितात. "त्याला दमवूं नका रे," हें वाक्य दिवसांतून दहा वेळां कानांवर येतें. या मायेविषयीं आम्हांस आदर आहे. परंतु ती माया त्या मुलाच्या हृदयाला पोसते कीं शोषते, याचा विचार घरांतील जाणत्या मंडळींनीं एकदां शांतपणें केला पाहिजे. अधूपण पायाला आलेलें असतें. हृदयाला तें पुढें बसून बसून येतें.

आम्ही राहतों त्या केज गांवीं व आसपासच्या खेड्यांत अशीं घरें थोडीं नाहींत. कोणी झाडावरून पडलेला असतो, कोणी विहिरीच्या कामावर कोसळलेला, कोणी मोटारीच्या अपघातांत सांपडलेला. शिवाय बालपणीं पोलिओनें पाय गेलेलीं व आतां प्रौढ झालेलीं माणसें आहेतच. भारतांत पोलिओच्या नैसर्गिक विषाणूचा शेवटचा रोगी जानेवारी २०११ मध्यें आढळला, आणि मार्च २०१४ मध्यें आपला प्रदेश पोलिओमुक्त ठरला. पण त्यापूर्वीं ज्यांचे पाय गेले त्यांचें आयुष्य त्या दाखल्यानें बदललें नाहीं. अशा घरांतील तरुण आज अपंगांच्या स्पर्धा दूरध्वनीच्या पडद्यावर पाहतात आणि विचारतात, "मीहि वजन उचलूं काय?" वडील मंडळी उत्तर देतात, "नको. हृदयावर ताण येईल." या उत्तरांत अर्धें सत्य आहे. उरलेलें अर्धें सांगण्यासाठीं आजचा हा लेख.

प्रथम हें लक्षांत घ्यावें कीं, ज्यांच्याकडे पाहून हा प्रश्न निघतो तीं माणसें परक्या देशाचीं नाहींत. सांगली जिल्ह्यांतील पेठ इस्लामपूर येथें जन्मलेले श्री. मुरलीकांत पेटकर हे सैन्यांत होते व मुष्टियुद्ध खेळत. १९६५ च्या युद्धांत गोळ्या लागून त्यांचें कमरेखालचें अंग लुळें पडलें. उपचार म्हणून ते पोहूं लागले, आणि १९७२ सालीं जर्मनींतील हायडेलबर्ग येथें भरलेल्या पॅरालिंपिक स्पर्धेंत ५० मीटर पोहण्याच्या शर्यतींत ३७.३३ सेकंदांचा विक्रम करून त्यांनीं भारताला त्या स्पर्धांतील पहिलें सुवर्णपदक मिळवून दिलें. २०१८ सालीं त्यांस पद्मश्री देण्यांत आली. त्याच जिल्ह्याचे श्री. सचिन खिलारी यांचा डावा हात अधू आहे. त्यांनीं २०२४ सालीं पॅरिस येथें १६.३२ मीटर गोळा फेकून रौप्यपदक मिळविलें. आपल्या मराठवाड्यांतील नांदेड जिल्ह्याच्या श्रीमती भाग्यश्री जाधव बसून गोळा फेकतात, आणि पॅरिसच्या उद्घाटन समारंभांत राष्ट्रध्वज धरण्याचा मान मिळालेल्या दोघांपैकीं त्या एक होत्या. गोळा फेकणारा हात केवळ इच्छेनें तयार होत नाहीं. त्यामागें वर्षानुवर्षांचा बलव्यायाम असतो.

बलव्यायाम म्हणजे ज्यांत स्नायूला ओझ्याविरुद्ध जोर करावा लागतो तो व्यायाम. जोर, बैठका, मुद्गल, डंबेल्स, ताणाचे रबरी पट्टे, बाकावर उताणें निजून छातीवरून वजनाचा दांडा वर लोटणें, हे सर्व त्याचेच प्रकार होत. चालण्यांत किंवा पोहण्यांत स्नायू आळीपाळीनें आवळतो व सैल होतो. त्यामुळें रक्ताची वाट मोकळी राहते. जड वजन उचलतांना मात्र आवळलेला स्नायू आपल्याच पोटांतील रक्तवाहिन्या दाबून धरतो, हृदयाला त्या अरुंद वाटेनें रक्त लोटावें लागतें, आणि रक्तदाब एकदम चढतो. १९८५ सालीं कॅनडांतील संशोधकांनीं पांच कसलेल्या शरीरसंवर्धकांच्या हाताच्या धमनींत बारीक नळी घालून हा दाब प्रत्यक्ष मोजला. दोन्ही पायांनीं जड वजन लोटतांना तो सरासरीनें वरचा ३२० व खालचा २५० मिलिमीटर भरला. निरोगी माणसाचा विश्रांतींतील दाब १२० व ८० च्या आसपास असतो, हें ध्यानांत आणलें म्हणजे वडील मंडळींची भीति निराधार नाहीं हें दिसून येईल.

परंतु त्याबरोबर आणखी दोन गोष्टी ध्यानांत घ्याव्यात. हा दाब कांहीं क्षणांचा असतो. वजन खालीं ठेवतांच तो उतरतो. दुसरें असें कीं, या चढणींत मोठा वांटा श्वास कोंडण्याचा असतो. गळा मिटून, कण्हून जोर करण्याच्या या क्रियेला वैद्यकांत इटलीचा शरीरशास्त्रज्ञ वाल्साल्व्हा (१६६६ ते १७२३) याचें नांव मिळालें आहे. आपल्या प्राणायामांतील कुंभक निराळा. तो स्थिर बसून, सावकाश, अभ्यासानें साधावयाचा असतो. हा तर ओझ्याखालीं घाईनें घडलेला कुंभक. तो टाळला व वजन बेताचें ठेवलें, तर दाबाची चढण पुष्कळच सौम्य होते. वजन वर नेतांना श्वास सोडावा, खालीं आणतांना घ्यावा, हा नियम लहान मूलहि शिकूं शकतें.

आतां उरलेलें अर्धें सत्य. चाकांच्या खुर्चीवरील माणसाला दिवसांतून अनेकदां हातांच्या बळावर आपलें सारें शरीर खुर्चीवरून पलंगावर व पलंगावरून खुर्चीवर न्यावें लागतें. उंबऱ्याची चढण, अंगणाचा उतार, न्हाणीघराची पायरी, हे त्याचे रोजचे गड आहेत. हात दुबळे असतील, तर या प्रत्येक कामाला त्याची सर्व शक्ति लागते, तो श्वास कोंडतो, आणि त्याच्या हृदयावर तोच ताण येतो ज्याच्या भीतीनें आपण त्याला व्यायाम करूं दिला नाहीं. हात बळकट झाले म्हणजे तेंच काम शक्तीच्या थोड्या अंशांत होतें व हृदयाला कमी धांवावें लागतें. ताण टाळतां येतच नाहीं. तो बेतानें, ठरल्या वेळीं घ्यावयाचा कीं अवचित, अंगाची तयारी नसतांना सोसावयाचा, एवढेंच आपल्या हातीं असतें.

येथपर्यंत जें लिहिलें तें सर्व अपंगांस सारखेंच लागू आहे. पण यापुढें सर्वांना एकाच मापानें मोजतां येत नाहीं, आणि लोकांच्या हातून घोटाळा होतो तो येथेंच. 'अपंग' हा शब्द एक असला, तरी त्या शब्दांत निरनिराळीं हृदयें आहेत.

हृदयाला मेंदूकडून दोन प्रकारचे मज्जातंतू येतात. घोडेस्वाराच्या भाषेंत सांगावयाचें, तर एक लगाम व दुसरी टांच. लगाम वेग कमी करतो. टांच वेग वाढविते व रक्तवाहिन्याहि आवळते. लगामाचा तंतू कवटींतून निघून मानेंतून थेट हृदयाकडे उतरतो. टांचेचे तंतू मात्र पाठीच्या कण्यांतील मज्जारज्जूमधून खालीं येऊन छातीच्या वरच्या मणक्यांपाशीं बाहेर पडतात. आघात कण्याच्या कोणत्या मणक्यावर झाला, यावर पुढचें सारें अवलंबून असतें.

पोलिओनें पाय गेलेला, अपघातांत पाय कापावा लागलेला, किंवा एक हात अधू असलेला मनुष्य घ्या. त्याचे लगाम व टांच दोन्ही शाबूत असतात. व्यायामांत त्याची नाडी इतरांप्रमाणेंच वाढते व खरी साक्ष देते. फरक इतकाच कीं, तो जें करतो तें हातांनीं करतो. हातांचे स्नायू पायांपेक्षां लहान. म्हणून तेवढ्याच श्रमाला त्याची नाडी व रक्तदाब पायांनीं श्रम करणाऱ्यापेक्षां अधिक चढतात. तेव्हां त्याची सुरुवात हलक्या वजनानें व्हावी, एवढी काळजी पुरे.

ज्याच्या मज्जारज्जूला छातीच्या खालच्या भागांत वा कमरेपाशीं इजा झाली आहे, त्याचा प्रकार दुसरा. त्याच्या हृदयाला टांच लागते, पण पायांच्या स्नायूंचा पंप बंद असतो. आपण चालतों तेव्हां पोटऱ्या रक्त पिळून वर पाठवीत असतात. त्याचें रक्त पायांत सांचून राहतें. हृदयाकडे परत येणारें रक्त कमी, म्हणून प्रत्येक ठोक्याला बाहेर पडणारें रक्तहि कमी, आणि ती तूट भरून काढण्यासाठीं ठोके अधिक. अशा माणसाला उताणें निजून केलेला व्यायाम व पोहणें हीं मानवतात; कारण आडव्या शरीरांतून रक्त सहज परततें, आणि पाण्याचा दाब पायांतील सांचलेलें रक्त वर ढकलतो. श्री. पेटकर यांस पोहण्याचा उपचार लाभला, त्यामागें शरीरधर्माचें हें कारण आहे.

तिसरा प्रकार मानेच्या किंवा छातीच्या वरच्या मणक्यांना इजा झालेल्यांचा. मानेंतील मज्जारज्जू पूर्ण तुटला असेल, तर टांचच नाहींशी होते. लगाम सैल सोडला म्हणजे घोडा जेवढा धांवेल तेवढाच धांवणार. म्हणून अशा माणसाची नाडी कितीहि श्रम केले तरी बहुधा मिनिटाला ११० ते १३० च्या पुढें जात नाहीं. व्यायाम शिकविणारा नवखा असेल, तर तो नाडी पाहून म्हणतो, "अजून पुष्कळ वाव आहे," आणि समोरचा मनुष्य थकून कोसळण्याच्या बेतांत असतो. येथें नाडीची साक्ष घेऊं नये. 'तुला किती जड वाटतें?' असें विचारून ६ ते २० अशा आंकड्यांत उत्तर घेण्याची रीत स्वीडनचे मानसशास्त्रज्ञ गुन्नार बोर्ग यांनीं घालून दिली. तीच येथें उपयोगीं पडते. आमच्या संस्कृत वाचकांस यांत नवल वाटणार नाहीं. व्यायाम आपल्या बळाच्या अर्ध्यापर्यंतच करावा, असें सांगणाऱ्या सुश्रुतानें त्या अर्ध्याची खूण नाडीवरून सांगितलेली नाहीं. व्यायाम करतां करतां श्वास तोंडानें बाहेर येऊं लागला म्हणजे अर्धें बळ खर्ची पडलें असें समजावें, असें त्याचें सांगणें आहे.

याच तिसऱ्या प्रकारच्या माणसाविषयीं एक गोष्ट घरांतील प्रत्येकानें, स्वयंपाकघरांतील स्त्रियांनींसुद्धां, पाठ करून ठेवावी. छातीच्या सहाव्या मणक्यावर किंवा त्याच्या वर इजा असेल, तर भरलेलें मूत्राशय, तटलेलें पोट, अंथरुणाचा व्रण, फार आवळलेला पट्टा, अशा क्षुल्लक कारणानें त्याचा रक्तदाब एकाएकीं भडकतो. त्रास खालच्या अंगाला होतो, तेथील रक्तवाहिन्या आवळतात, आणि मेंदूचा 'सैल सोडा' हा हुकूम तुटलेल्या मज्जारज्जूतून खालीं पोंचत नाहीं. डोकें ठणकतें, तोंड लाल होतें, इजेच्या वर घाम सुटतो, नाडी उलट मंदावते. अशा वेळीं त्याला आडवें करूं नये. ताठ बसवावें, कपडे व पट्टे सैल करावे, मूत्राची नळी वांकली आहे काय तें पाहावें, व डॉक्टरांस तात्काळ बोलवावें. यांत चकवा असा कीं, या माणसांचा नेहमींचा वरचा दाब ९० ते ११० च्या दरम्यान असतो. त्यांचा दाब १४० दिसला, तर इतरांस तो किरकोळ वाटेल. त्यांच्यासाठीं ती धोक्याची घंटा असते.

या भडक्यानें अंगांत क्षणभर बळ येतें, म्हणून कांहीं खेळाडू मूत्राची नळी मुद्दाम चिमटून किंवा अंगाला इजा करून तो ओढवून घेत, हें ऐकून वाचकांस खेद होईल. आंतरराष्ट्रीय पॅरालिंपिक समितीनें त्यावर बंदी घातली असून, वरचा दाब १६० किंवा अधिक असणें ही धोक्याची अवस्था मानलेली आहे. पदकासाठीं जीव पणाला लावणें याला आम्ही व्यायाम म्हणत नाहीं.

येथें एक शंका कोणी काढील, व ती काढणें योग्यच आहे. इराणचा सियामंद रहमान हा पायांनीं अधू असलेला मल्ल. २०१६ सालीं रिओ येथें त्यानें उताणें निजून ३१० किलो वजन लोटलें. आणि १ मार्च २०२० रोजीं, वयाच्या अवघ्या ३१ व्या वर्षीं, तो हृदयविकारानें गेला. मग व्यायामच घातक नव्हे काय? एका मृत्यूवरून सिद्धान्त बांधणें हें तर्कशास्त्राला धरून नाहीं. तो १०७ किलोंहून अधिक वजनाच्या गटांतील जगज्जेता होता. त्याचें शरीर व त्याचा व्यायाम यांचें माप आपल्या घरच्या मुलाला लावतां येत नाहीं. त्या उदाहरणांतून घ्यावयाचा बोध एवढाच, कीं बलवान दिसणाऱ्या माणसाच्याहि हृदयाची तपासणी व्हावी.

उलट बाजूचा पुरावा मात्र एका माणसाचा नाहीं. दुसऱ्या महायुद्धांत जखमी झालेल्या अमेरिकन सैनिकांची पुढें अनेक वर्षें पाहणी झाली, तेव्हां गुडघ्याच्या वर पाय गमावलेल्यांत हृदय व रक्तवाहिन्यांच्या विकारांनीं होणारे मृत्यू इतर जखमींपेक्षां अधिक आढळले. त्याच युद्धाच्या काळांत, १९४४ सालीं, इंग्लंडांतील स्टोक मँडेव्हिल येथें डॉ. लुडविग गुटमन यांनीं कणा मोडलेल्या सैनिकांसाठीं विभाग उघडला. तोंवर अशा रोग्यांनीं निजून राहून मरणाची वाट पाहावी, अशीच समजूत होती. गुटमन यांनीं त्यांना उठवून बसविलें, हातांना काम दिलें, आणि २९ जुलै १९४८ रोजीं सोळा जणांची तिरंदाजीची स्पर्धा भरविली. तिचाच पुढें पॅरालिंपिक झाला. जागतिक आरोग्य संघटनेनें २०२० सालीं व्यायामाविषयीं जें मार्गदर्शन प्रसिद्ध केलें, त्यांत अपंग प्रौढांनींहि आठवड्यांतून निदान दोन दिवस स्नायूंना बळ देणारा व्यायाम करावा असें स्पष्ट म्हटलें आहे. मज्जारज्जूला इजा झालेल्यांसाठीं तज्ज्ञांनीं घालून दिलेलें किमान प्रमाण आठवड्यांतून दोनदां असें आहे: २० मिनिटें दम लागेल असा व्यायाम, आणि चालत्या स्नायूंच्या प्रत्येक मोठ्या गटासाठीं बलव्यायामाचीं तीन आवर्तनें. एवढा वेळ कोणत्याहि घरांत निघूं शकतो.

आतां करावें काय? पहिलें, वजनाला हात लावण्यापूर्वीं डॉक्टरांस विचारावें, आणि प्रश्न नेमका विचारावा: इजा कोणत्या मणक्यावर आहे, पूर्ण आहे कीं अपुरी, हृदय व रक्तदाब कसे आहेत? आमच्या बाजूच्या लोकांना अंबाजोगाईचें स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय जवळ आहे. मुंबईस हाजी अली येथें अपंगांच्या पुनर्वसनाची अखिल भारतीय संस्था १९५५ पासून आहे. दुसरें, घरांत एक वही ठेवावी. तींत विश्रांतीची नाडी व रक्तदाब, व्यायामानंतरचा रक्तदाब, उचललेलें वजन, आणि 'किती जड वाटलें' तो आंकडा, असे चार रकाने असावे. मोजून पाहण्याची ही दृष्टि आपल्याला परकी नाहीं. लोणावळ्यास १९२४ सालीं कैवल्यधाम स्थापन करणारे स्वामी कुवलयानंद यांनीं आसनांनीं रक्तदाब किती बदलतो याचे प्रयोग करून 'योगमीमांसा'मध्यें त्याच दशकांत प्रसिद्ध केले होते. तिसरें, व्यायामापूर्वीं मूत्राशय रिकामें करावें. चौथें, मराठवाड्याच्या उन्हाळ्यांत सकाळची वेळ धरावी व पाणी जवळ ठेवावें. कारण वरच्या भागांत इजा असलेल्याला इजेच्या खालीं घामच येत नाहीं, व अंग झटकन तापतें. पांचवें, वजन सावकाश वाढवावें. ज्या खांद्यांवर सारा संसार चालवावयाचा, ते घाईनें दुखावून घेऊं नयेत. छातींत दुखूं लागलें, डोळ्यांपुढें अंधारी आली, किंवा डोकें ठणकूं लागलें, तर त्या दिवसाचा व्यायाम तेथेंच थांबवावा.

आणि हें सर्व मुलींनाहि तितकेंच लागू आहे. अधू मुलाला कोणीतरी तालमींत नेईल. अधू मुलीला मात्र माजघराच्या कोपऱ्यांत बसवून ठेवण्याची रीत अजून गेलेली नाहीं. तिलाहि हृदय आहे, आणि आयुष्यभर आपलें शरीर आपल्याच हातांनीं उचलावयाचें आहे.

घरांतील निवृत्त आजोबांना आमची एक विनंती आहे. वर सांगितलेल्या वहीचें काम आपण स्वतःकडे घ्यावें. आपल्याला वेळ आहे, अक्षर वळणदार आहे, आणि रोज ठराविक वेळीं नातवाजवळ बसण्याचें निमित्तहि मिळेल. 'दमूं नकोस' असें त्याला सांगणारे घरांत पुष्कळ आहेत. 'आज किती उचललेंस?' असें विचारणारा एक जण तरी असूं द्यावा.